विशेष गरजा असलेले मूल दत्तक घेताना

विशेष गरजा असलेले मूल दत्तक घेणे म्हणजे या मुलाला दीर्घ उपचार, थेरपी किंवा आयुष्यभराचा आधार लागू शकतो, हे ठाऊक असताना त्याचे आई-वडील होणे. भारतात दत्तकविधानाची कायदेशीर प्रक्रिया केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या देखरेखीखाली चालते. २०२४-२५ या वर्षात या प्रक्रियेतून ४,५१५ मुलांना घर मिळाले आणि त्यांतली ४,१५५ मुले देशातच राहिली. निरोगी तान्ह्या बाळासाठी पालकांना काही वर्षे रांगेत थांबावे लागते. दिव्यांग मुलांच्या बाबतीत मात्र मुलेच पालकांची वाट पाहत असतात. ठरलेल्या मुदतीत देशात कोणी पुढे आले नाही, की त्यांची माहिती परदेशातील कुटुंबांपुढे ठेवली जाते. त्यामुळे अशी कित्येक मुले सातासमुद्रापार वाढतात.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावातले कुटुंब असा निर्णय घेते, तेव्हा त्यामागे बहुधा श्रद्धेचे बळ असते. ते बळ मोलाचे आहे. मात्र त्याला वैद्यकीय माहिती, घरातली एकवाक्यता, कायद्याची वाट आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब यांची जोड लागते.

श्रद्धेचे स्थान

परक्या लेकराला आपले म्हणण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या घरच्या मुलाला एकनाथांनी उचलून कडेवर घेतले, ही कथा वारकऱ्यांच्या घरोघरी सांगितली जाते. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबातलीच झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. भंडारा जिल्ह्यात वारकरी आहेत, महानुभाव आहेत, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते आहेत, बाबा जुमदेवजींच्या मार्गाने चालणारे परमात्मा एकचे सेवक आहेत. बौद्ध समाज मोठा आहे, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. करुणा, सेवा, अनाथाचा सांभाळ ही शिकवण यांपैकी प्रत्येकाकडे आपापल्या शब्दांत आहे.

विदर्भातले याचे सर्वांत ठळक उदाहरण अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे. गाडगेबाबांच्या विचाराने भारावलेल्या शंकरबाबा पापळकर यांनी तेथे बेवारस सापडलेल्या दिव्यांग मुलांचे बालगृह उभे केले आणि १२३ मुलांना वडील म्हणून आपले नाव लावले. देव माणसात शोधावा ही गाडगेबाबांची शिकवण होती. पापळकरांनी ती आधार कार्डावरच्या वडिलांच्या नावापर्यंत नेली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक दृष्टिहीन मानसकन्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन शासकीय नोकरीत लागली. वझ्झरचे काम संस्थेच्या रूपातले आहे, एका कुटुंबाच्या दत्तकविधानाचे नाही. पण श्रद्धा रोजच्या कामात उतरली की दिव्यांग मूल कुठवर जाऊ शकते, हे तेथे दिसते.

श्रद्धेच्या पोटात काही धोकेही असतात आणि ते आधीच ओळखलेले बरे. पहिला धोका पुण्याचा. पुण्य जोडण्यासाठी आणलेले मूल घरात उपकाराच्या ओझ्याखाली वाढते. दुसरा धोका नवसाचा. दत्तक घेतले की पोटी मूल होते, हा समज गावोगाव आहे. अशा हेतूने आणलेल्या मुलाची जागा पुढे पोटचे मूल झाले की डळमळते. तिसरा धोका चमत्काराच्या अपेक्षेचा. प्रार्थनेने मनाला बळ मिळते, पण बहिरेपण, सेरेब्रल पाल्सी किंवा डाऊन सिंड्रोम त्याने जात नाही. अंगारा, दोरा किंवा दरबार यांच्या नादाने उपचार लांबले, तर पहिल्या पाच वर्षांतली वाढीची संधी हातची जाते. मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चौथा धोका कर्मफळाच्या समजुतीचा. मुलाचे अपंगत्व हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे असे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मनोमन वाटत असेल, तर ते मुलाच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीत उतरतेच.

यासाठी कुटुंबाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मुलात फारशी सुधारणा झाली नाही तरी निर्णय योग्यच वाटेल का? गावात कोणी वाहवा केली नाही, उलट नावे ठेवली, तरी उत्साह टिकेल का? पुढे पोटी मूल झाले तरी या मुलाची जागा तीच राहील का? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर श्रद्धा पक्क्या पायावर उभी आहे असे समजावे.

घरातली एकवाक्यता

विवाहित जोडप्याच्या बाबतीत दोघांची संमती कायद्यानेच आवश्यक आहे. एकाच्या भक्तिभावाला दुसऱ्याने निमूटपणे मान तुकवली, असे होता कामा नये. दत्तक प्रक्रियेतल्या गृहभेटीच्या वेळी समाजकार्यकर्ते दोघांशी वेगवेगळेही बोलतात. घरात आधीची मुले असतील तर त्यांचेही मत घ्यावे. पाच वर्षांवरील मुलाची संमती प्रक्रियेतच विचारली जाते. लहान भावंडांना साध्या शब्दांत सांगावे: नव्या भावाला चालायला वेळ लागेल, आईचा बराच वेळ त्याच्याकडे जाईल, त्याची खेळणी वेगळी असतील.

एकत्र कुटुंबात आजी-आजोबा, काका-काकू यांच्याशी बोलणे टाळू नये. विरोध बहुतेकदा दोन गोष्टींवरून होतो: मुलाची जात-कुळी आणि शेतीतला वाटा. कायदेशीर दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात, वारसाहक्कही मिळतो, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. नंतर कळून झालेला तंटा मुलाला भोवतो.

कामाची वाटणीही आधीच ठरवावी. धानाच्या पट्ट्यात रोवणी आणि कापणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे बांधीत असतात. फिजिओथेरपीचा खंड याच काळात पडतो. त्या आठवड्यांत मुलाजवळ कोण थांबणार, व्यायाम कोण करून घेणार, साकोली, भंडारा किंवा नागपूरला तपासणीला कोण नेणार, या प्रश्नांची उत्तरे नावासकट ठरलेली असावीत. नागपूरची एक फेरी म्हणजे पूर्ण दिवस आणि एका माणसाची मजुरी, हे धरूनच खर्च काढावा.

कोणती गरज पेलवेल

‘विशेष गरजा’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या अवस्था येतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसिमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही मोडतात. कुटुंबाच्या दृष्टीने त्यांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट उपचाराने बऱ्याच अंशी दूर होणाऱ्या गरजांचा. दुभंगलेल्या ओठावर साधारण तीन महिन्यांनंतर आणि टाळूवर साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया होते. पुढे बोलण्याची थेरपी लागू शकते. जन्मतः वाकड्या पावलांसाठी पोन्सेटी पद्धत वापरतात. यात काही आठवडे दर आठवड्याला प्लास्टर बदलतात आणि नंतर चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री विशेष बूट घालावे लागतात. बूट कंटाळून सोडले की पाऊल पुन्हा वाकते. हृदयातली काही छिद्रे आपोआप बुजतात, काहींना शस्त्रक्रिया लागते.

दुसरा गट नियमित औषध आणि देखरेखीने सांभाळता येणाऱ्या आजारांचा. पूर्व विदर्भात सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून त्याची नीट माहिती हवी. ‘एएस’ म्हणजे वाहक. असे मूल सहसा निरोगी आयुष्य जगते. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार; त्यात तीव्र वेदनांचे झटके, रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, वेळेवर लसीकरण, भरपूर पाणी आणि थंडीपासून बचाव यांनी हे मूल शाळेत जाऊ शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची साधी विद्राव्यता चाचणी फसवी ठरू शकते, कारण त्या वयात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन रक्तात भरपूर असते. एचपीएलसीसारखी खात्रीची तपासणी पाहावी. एचआयव्हीबाबतही असेच आहे. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून त्याआधीचा प्रतिपिंड अहवाल सकारात्मक आला तरी बाळाला लागण झालीच आहे असे ठरत नाही.

तिसरा गट आयुष्यभराच्या आधाराचा: सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम, बहुविकलांगता, पूर्ण अंधत्व किंवा बहिरेपण. यांतही फरक मोठा आहे. बहिऱ्या मुलाला लहानपणीच श्रवणयंत्र मिळाले, गरज असल्यास पाच वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट झाले आणि पाठोपाठ भाषेची थेरपी चालू राहिली, तर ते बोलायला शिकू शकते. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून हृदयाची सोनोग्राफी आणि पुढे नियमित थायरॉइड व श्रवण तपासणी आवश्यक असते. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत जात नाही. पण व्यायाम थांबला की स्नायू आखडतात आणि सांधे जागचे सरकतात.

अहवालात ‘विकासात विलंब’ असे लिहिलेले असेल, तर ते तारतम्याने वाचावे. संस्थेत वाढलेल्या बाळाला कडेवर कमी घेतले जाते, बोलणारे माणूस कमी मिळते. विलंबाचा काही भाग त्यामुळेही असतो. रोमानियातील अनाथालयांतल्या मुलांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांची प्रगती उशिरा गेलेल्या मुलांपेक्षा चांगली दिसली. मात्र घर मिळाले की सगळा विलंब भरून निघेल, असे कोणीही हमखास सांगू शकत नाही.

मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल पालकांना आधी पाहायला मिळतो. तो आपल्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवण्याचा त्यांना अधिकार आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत. आजाराचे नाव नेमके काय? पुढच्या पाच वर्षांत कोणत्या शस्त्रक्रिया किंवा थेरपी लागतील? त्या भंडाऱ्यात होतात की नागपूरला जावे लागते? मूल स्वतःच्या हाताने जेवेल का, शाळेत जाईल का, मोठेपणी एकटे राहू शकेल का?

कायदा कोणता

दत्तकविधानाच्या दोन वाटा आहेत. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू होतो. त्यात मुलगा असलेल्या कुटुंबाला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. दुसरी वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्याची. ती सर्व धर्मांच्या लोकांना खुली आहे आणि मुलाच्या लिंगाबाबत तशी आडकाठी तीत नाही. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले, की बाल न्याय कायद्याने दत्तक घेण्याचा मार्ग धर्म न पाहता कोणालाही उपलब्ध आहे. इस्लाममध्ये अनाथाचा सांभाळ मोठे पुण्यकर्म मानतात, पण त्याचे मूळ कुळ पुसत नाहीत. ज्यांना ती चौकट पाळायची आहे त्यांच्यासाठी पालकत्वाचा मार्ग आजही आहे.

अनाथ, सोडून दिलेले किंवा पालकांनी बालकल्याण समितीपुढे स्वाधीन केलेले मूल बाल न्याय कायद्याच्या वाटेनेच घ्यावे लागते. दवाखान्यातून, सुईणीकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून परस्पर मूल घेणे गुन्हा आहे. प्रक्रिया डावलून दत्तक देणे-घेणे झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाची खरेदी-विक्री झाली असेल तर शिक्षा त्याहून कडक आहे. देवळाच्या पायरीवर किंवा बसस्थानकावर बाळ सापडले आणि ते देवानेच पाठवले असे कितीही वाटले, तरी १०९८ या क्रमांकावर, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला २४ तासांच्या आत कळवावेच लागते.

पात्रता आणि नोंदणी

दत्तक घेणाऱ्या जोडप्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षांचे स्थिर असावे. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दोन्ही दत्तक घेता येतात. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. जोडप्याच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११० च्या आत असावी. एकट्या पालकासाठी याच गटांत कमाल वय अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ आहे. दोन किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्याचा विचार २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार केवळ विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळणे अवघड असलेल्या मुलांसाठी होतो. नातेवाइकाचे किंवा सावत्र मूल याला अपवाद आहे. एकट्या पालकाचे एक उदाहरण: पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता असलेले आदित्य तिवारी यांनी १ जानेवारी २०१६ रोजी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला दत्तक घेतले, तेव्हा ते अविवाहित होते. वयाच्या अटीमुळे त्यांना त्याआधी झगडावे लागले होते.

नोंदणी काराच्या संकेतस्थळावर होते. ज्या घरी संगणक किंवा चांगले नेटवर्क नाही, त्यांनी भंडारा येथील जिल्हा बाल संरक्षण कक्षाची मदत घ्यावी. कुटुंबाचे छायाचित्र, पॅन कार्ड, वयाचा आणि रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, आरोग्य प्रमाणपत्र आणि परिचितांची दोन शिफारसपत्रे लागतात. शेतकरी कुटुंबाने तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि सातबारा आधीच काढून ठेवावा. शुल्क नियमावलीने ठरवून दिलेले आहे. त्यापलीकडे देणगीच्या नावाने कोणी पैसे मागितले तर ते देऊ नयेत आणि पावतीशिवाय एकही रुपया देऊ नये.

यानंतर समाजकार्यकर्ते घरी येतात आणि गृह अध्ययन अहवाल तयार करतात. त्याची मुदत तीन वर्षे असते. या भेटीसाठी घर सजवण्याची गरज नाही. उत्पन्न, कर्ज, आजारपण, नातेवाइकांचा विरोध आणि श्रद्धेचे कारण, सगळे खरे सांगावे. ‘देवाच्या इच्छेने’ एवढेच उत्तर अपुरे ठरते. मूल कोण सांभाळणार आणि उपचार कसे होणार, याचे उत्तर सोबत हवे. विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी पात्र पालकांना संकेतस्थळावर थेट पाहता येते, त्यामुळे नेहमीच्या प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. मूल निवडल्यावर संस्थेत जाऊन त्याला एकापेक्षा अधिक वेळा भेटावे, सांभाळणाऱ्या मावशींशी बोलावे. ते काय खाते, कशाने रडते, कोणत्या हाकेला वळते, ही माहिती कोणत्याही अहवालात नसते.

स्वीकृतीनंतर मूल दत्तकपूर्व प्रतिपालनासाठी घरी येते आणि दत्तक आदेशासाठी अर्ज दाखल होतो. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला. आदेशानंतर मुलाच्या जन्मदाखल्यावर दत्तक आई-वडिलांची नावे लागतात. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. या भेटींना चौकशी समजू नये. अडचण सांगण्याची ती हक्काची जागा आहे.

मूल घरी आल्यावर

पहिले काही आठवडे घर शांत ठेवावे. गावजेवण, कीर्तन, सत्संग, बारसे हे कार्यक्रम लांबणीवर टाकता येतात. नवी माणसे, नवा आवाज आणि नवी चव एकदम आली की मूल घाबरते, काही दिवस खात नाही, रात्री रडते. त्याला भरवणे, न्हाऊ घालणे आणि निजवणे शक्यतो आई-वडिलांनीच करावे, म्हणजे आपली माणसे कोण हे त्याला कळते. मुलाची छायाचित्रे आणि त्याची पूर्वकथा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकू नये. बालसंगोपन संस्थेत असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि आदेशानंतरही ती कथा मुलाच्या मालकीची आहे.

उपचाराची सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रापासून करावी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि गरजेप्रमाणे त्यांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तेथे फिजिओथेरपी, वाचा-श्रवण तपासणी यांसारख्या सेवा एका ठिकाणी मिळाव्यात, अशी योजना आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांची आरोग्य विमा योजना असून तीत थेरपीचा खर्चही धरलेला आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढावे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. प्राप्तिकर भरणाऱ्या पालकांना जुन्या करपद्धतीत ७५ हजार रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते.

थेरपिस्ट आठवड्यातून एकदाच भेटतो. उरलेले सहा दिवस थेरपी घरात चालते. म्हणून प्रत्येक भेटीत दोन-तीन व्यायाम नीट शिकून घ्यावेत आणि अंघोळ, जेवण, खेळ यांच्या वेळेत बसवावेत. अंगणवाडीत मुलाचे नाव घालावे. सहा ते अठरा वर्षांच्या पात्र दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कोणत्याही सरकारी शाळेने दिव्यांगत्वाच्या कारणाने प्रवेश नाकारू नये. अंध किंवा मूकबधिर मुलासाठी निवासी शाळेचा विचार करताना वरोऱ्याच्या आनंदवनातील शाळांसारखे पर्याय पाहावेत, मात्र मूल घराशी पक्के जोडले जाण्याआधी त्याला वसतिगृहात ठेवू नये.

दत्तक असल्याचे मुलापासून लपवू नये. गावात ते सर्वांना माहीत असते आणि कधीतरी शाळेच्या मैदानात त्याला ते बोचऱ्या शब्दांत ऐकू येते. तीन-चार वर्षांच्या वयापासून गोष्टीच्या रूपाने सांगत गेले, तर तो धक्का राहत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलालाही त्याला समजेल तेवढे सांगावे. श्रद्धाळू घरात ‘देवाने आम्हाला तुझ्याकडे आणले’ असे म्हणणे स्वाभाविक आहे. ‘आम्ही तुला वाचवले’ हे मात्र कधी म्हणू नये. ते वाक्य मुलाच्या डोक्यावर जन्मभराचे ऋण ठेवते.

‘बिचारे’, ‘वेडे’, ‘लंगडे’ अशी हाक कोणी मारली, तर पालकांनी शांतपणे मुलाचे नाव सांगावे आणि त्याच नावाने हाक मारायला लावावे. भजनी मंडळ, विहार, मशीद किंवा चर्च यांचा खरा उपयोग येथे होतो. तेथल्या माणसांनी महिन्यातून एक दिवस मुलाला सांभाळले, दवाखान्याच्या फेरीला गाडी दिली, रोवणीच्या दिवसांत एक जेवण पोहोचवले, तर आई-वडिलांचा शीण हलका होतो. आईवर सगळा भार पडून ती खचत असेल, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नये. थकवा येणे हे श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण नाही.

अठरा वर्षांनंतर

आमच्या पश्चात याचे कोण, हा प्रश्न दिव्यांग मुलाच्या प्रत्येक पालकाला पडतो. पापळकरांनीही अठरा वर्षांवरील अनाथ दिव्यांगांना बालगृहातच राहू द्यावे, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. कुटुंबाने याची व्यवस्था मूल लहान असतानाच सुरू करावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. मृत्युपत्र नोंदवून ठेवावे आणि मुलाच्या वाट्याची शेती किंवा रक्कम कोणी, कशासाठी वापरायची हे त्यात स्पष्ट लिहावे. भावंडांवर जबाबदारी टाकायची असेल, तर ती त्यांना विचारून टाकावी. मुलाला जमेल ते काम शिकवावे. शेळीपालन, रोपवाटिका, शिवणकाम, दुकानातली मदत यांतून त्याचा दिवस त्याच्या मालकीचा होतो.

नकार आणि इतर मार्ग

सगळी माहिती घेतल्यावर एखाद्या कुटुंबाला हे पेलवणार नाही असे वाटले, तर थांबणे हाच प्रामाणिक निर्णय आहे. घरी आणलेले मूल परत करणे हा त्याच्यासाठी दुसरा परित्याग असतो; त्यापेक्षा आधी दिलेला नकार कितीतरी बरा. अशा कुटुंबाला सेवेचे दुसरे मार्ग आहेत: संस्थेतल्या मुलाच्या उपचाराचा खर्च उचलणे, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत प्रतिपालक कुटुंब म्हणून नाव देणे, किंवा गावातल्या दिव्यांग मुलाच्या पालकांना त्यांच्या फेऱ्यांत साथ देणे.

ज्यांचा होकार या सगळ्या तपासणीनंतरही कायम राहील, त्यांनी उशीर करू नये. श्रवणयंत्र, फिजिओथेरपी, टाळूची शस्त्रक्रिया आणि आईची कूस, यांतली प्रत्येक गोष्ट जितकी लवकर मिळेल तितकी उपयोगी पडते. पहिले पाऊल म्हणून भंडाऱ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे, नोंदणीची माहिती घ्यावी आणि त्याच दिवशी एखाद्या बालरोगतज्ज्ञालाही भेटून यावे.